करवत घरात ठेवली म्हणून



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ काकूंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुझ्या घरात म्हणे करवत आहे? जैनाच्या घरात करवत शोभते का?" बाकीच्या हसल्या. मीही हसले आणि विषय टाळला. घरी आल्यावर टाळल्याचं वाईट वाटलं. काकूंचा मान ठेवूनच आज सविस्तर उत्तर देते. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं मत काकूंसारखंच आहे आणि ते मला चुकीचं वाटतं.

आधी करवतीची हकीकत. पुण्याच्या जुन्या बाजारात, जो रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे भाच्याबरोबर गेले होते. जुने नळ, कड्या, पितळी डबे, मोडके पंखे यांच्या ढिगात ही करवत पडली होती. गंजानं तांबूस झालेली, मूठ काळी पडलेली. विक्रेता म्हणाला, "ताई, दीडशे द्या, घेऊन जा." मी एकशेवीस दिले. भाचा गाडीत बसताच म्हणाला, "मावशी, ही डिस्टन असणार! परदेशात लोक अशा करवतींना वेडे होतात." घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "हे अधिकरण कशाला आणलंस?" एकाच वस्तूला एकानं खजिना ठरवलं, दुसरीनं पाप. दोघांनीही ती हातात घेऊन पाहिली नव्हती. माझं भांडण या न पाहण्याशी आहे.

मी करवत का घेतली ते आता सांगते. हे सांगायला जड जातं, पण त्याशिवाय बाकीचं पटणार नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. किहीमपासून श्रीवर्धनपर्यंत नारळ, सुपारी, आंबे, फणस, सुरू आडवे झाले. कित्येक गावांत पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. आमच्या परसातला जुना फणस अर्धा मोडून शेजाऱ्यांच्या कौलांवर कलला होता. तो काढणं भाग होतं. घरात ना करवत, ना कोयता. "आपल्याला ते नको" असं सासूबाईंच्या वेळेपासून ठरलेलं. मग माणसं बोलावली. ती कटर मशीन घेऊन आली. मशीन सुरू झालं आणि मी देवघरात जाऊन जपाची माळ घेऊन बसले. तो आवाज ऐकवत नव्हता. वीस मिनिटांत काम झालं, पैसे दिले, माणसं गेली.

संध्याकाळी खोडाचे तुकडे रचताना एका ढोलीत खारीची दोन पिल्लं सापडली. मेलेली. ढोल बाहेरून स्पष्ट दिसत होती. दोन मिनिटं कुणी पाहिलं असतं तर दिसली असती. कामगारांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी "आधी पाहा" म्हणालंच नव्हतं. म्हणायचं काम माझं होतं आणि मी आत माळ ओढत होते.

ती माळ १०८ मण्यांची का असते, हे लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदन हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १०८. पाप येण्याच्या १०८ वाटा, त्यांच्यासाठी १०८ मणी. आता हिशोब करा. यातल्या ३६ वाटा 'कृत' म्हणजे स्वतः केल्याच्या, ३६ 'कारित' म्हणजे करवून घेतल्याच्या आणि ३६ अनुमोदनाच्या. करवत हातात न धरल्यानं फार तर पहिल्या ३६ मधल्या काही चुकतील. ज्या माळेआड मी लपले होते, तिच्यातच माझ्या नावाचे ३६ मणी होते.

म्हणून पहिला मुद्दा हा. 'आमच्या घरात करवत नाही' ही अहिंसा नव्हे. करवत आपल्या घरात नसते, ती आपण बोलावलेल्या माणसाच्या हातात असते. ज्या घरांत करवत चालत नाही त्याच घरांत सागवानी देव्हारा असतो, शिसवी पलंग असतो, लग्नात सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल येतं. ते काय झाडाला आपोआप लागलं? कापणाऱ्याला पापी म्हणायचं आणि कापलेलं घरात मिरवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

काकूंच्या बाजूनं जे म्हणता येईल तेही मी टाळत नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यातला एक 'हिंसादान', म्हणजे जीव घेण्याची साधनं दुसऱ्याला देणं. त्या यादीत कुऱ्हाड आहे, तलवार आहे, कुदळ आहे. शिवाय मंदिरातल्या नरकाच्या चित्रांत जिवाला करवतीनं उभा चिरताना दाखवलेलं आपण लहानपणापासून पाहिलंय. मला तर ते चित्र पाहून रात्री झोप येत नसे. करवतीची धास्ती तिथून येते आणि ती समजण्यासारखी आहे.

पण त्याच यादीत अग्नीही आहे. मग आपण चूल ठेवतो का? गॅस ठेवतो का? ठेवतो, कारण व्रताचं नावच अनर्थदंडविरती आहे. अनर्थ म्हणजे कारण नसताना. गरज नसताना, न विचारता, न पाहता साधन दुसऱ्याच्या हातात देणं हा दोष आहे. गृहस्थाची आरंभी हिंसा शून्य होत नाही, हे मुनी महाराज दर चातुर्मासात सांगतात. ती कमी करायची असते, जपून करायची असते. जंगलतोडीचा धंदा श्रावकाला निषिद्ध आहे आणि तो असायलाच हवा. परसातली वाळकी फांदी उतरवणं म्हणजे तो धंदा नव्हे.

आणि आपल्या स्वयंपाकघरात काय आहे? विळी. रोज सकाळी आपण तिच्यावर बसतो. कुणी म्हणतं का, जैनाच्या घरात विळी कशी? नाही, कारण विळीआधी आपण निवडतो. मेथीची जुडी सोडून पान न् पान पाहतो. भेंडी उभी चिरून आत डोकावतो. वांगं किडकं निघालं तर बाजूला ठेवतो. आपल्या आया-आज्यांनी दिलेली खरी अहिंसा ही आहे. धारेला आधी नजर लावायची. माझं एवढंच म्हणणं आहे की जो नियम विळीला तोच करवतीला लावा.

पार्श्वनाथ भगवंतांची कथा आठवा. पंचाग्नी तप करणाऱ्या तापसाला राजकुमार पार्श्व सांगतात, या लाकडात नाग-नागीण आहेत. एका परंपरेत तापस ऐकत नाही, कुऱ्हाड घालतो आणि दोघं चिरले जातात. दुसऱ्या परंपरेत ओंडका आधीच आगीत असतो आणि तो फोडून अर्धवट जळलेली जोडी बाहेर काढली जाते. या दुसऱ्या कथेत लाकूड फोडण्यानंच जीव दिसले, म्हणजे धार तिथे करुणेच्या कामी आली. पहिल्या कथेत तीच धार घात करते. हत्यार दोन्हीकडे आहे. फरक आत काय आहे ते पाहण्याचा आहे. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो, जीव जाणं नंतर.

आता त्या एकशेवीस रुपयांच्या करवतीकडे वळते. ती आणल्यावर मी ठरवलं की आधी निवडायची, मग वापरायची. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत अशी करवत पडली असेल तर ती भंगारात देण्याआधी हे करून बघा.

पहिल्यांदा अंगणात कागदावर ठेवून मऊ कुंचल्यानं हलकेच झाडली. जुन्या मुठीच्या भोकांत, खिळ्यांच्या खाचांत कोळी आणि मुंग्या असतात. दोन कोळी निघाले, त्यांना कुंपणाजवळ सोडलं. मगच तेल लावलं. गंज काढायला पॉलिश पेपर एका सपाट ठोकळ्यावर गुंडाळला, थोडं खोबरेल घातलं आणि हलक्या हातानं घासलं. घाई करू नका. पात्यावर कारखान्याची अक्षरं आम्लानं अगदी उथळ कोरलेली असतात. जोरात घासलं की ओळखच पुसली जाते.

मग दाते पाहिले. ते मुठीकडे झुकलेत की टोकाकडे? आपल्याकडच्या पारंपरिक करवती ओढताना कापतात, कारण आपला सुतार जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून काम करायचा. विलायती करवत ढकलताना कापते. माझ्या करवतीचे दाते टोकाकडे झुकलेले, म्हणजे विलायती घडण.

दात्यांचा आकार त्याहून महत्त्वाचा. ओळीनं लावलेल्या बारीक पटाश्यांसारखे सरळ असले तर ती लाकूड उभं फाडायची करवत. एकाआड एक तिरके घासून सुरीच्या टोकासारखे केलेले असले तर आडवं कापायची. फांदी उतरवायला दुसरी लागते. चुकीची वापरली तर लाकूड फाटतं, साल सोलली जाते आणि झाडाची जखम भरत नाही. माझ्या करवतीत एका इंचात आठ टोकं आहेत आणि दाते तिरके आहेत. आमच्या गावातल्या सुतारकाकांनी नखानं चाचपून लगेच सांगितलं, "वहिनी, ही फाडायची नाही, कापायची आहे." मला जे शोधायला दोन दिवस लागले ते त्यांच्या नखाला माहीत होतं.

आता भाच्याच्या डिस्टनचं. हेन्री डिस्टन हा जन्मानं इंग्रज माणूस. त्यानं १८४० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला करवतींचा कारखाना काढला आणि तो जगात नावाजला. त्या करवतींच्या मुठीवर पितळी चकती असते आणि तिच्यावर डिस्टनचं नाव असतं. माझ्या मुठीवरही पितळी चकती आहे. चिंच लावून घासली तर अक्षरं उजळली, 'वॉरंटेड सुपीरियर'. भाचा खूश. पण हे कुठल्या कंपनीचं नाव नाही. 'उत्तम, हमखास' एवढाच त्याचा अर्थ. अनेक कारखाने आपलं नाव न घालता ज्या करवती विकायचे त्यांवर हीच तयार चकती बसवायचे. म्हणजे चकती मोठ्यानं बोलते, सांगत काहीच नाही. आपल्या बाजारातही 'शुद्ध', 'अस्सल', 'नंबर एक' लिहिलेले डबे असतातच.

पात्यावर मात्र दोन शब्द हाती लागले. एकाचा शेवट '...फील्ड' असा वाचता आला, आणि त्याखाली 'कास्ट स्टील'. पहिला शेफील्ड, इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. कारखान्याचं नाव गंजानं खाल्लेलं आहे, ते आता कळणार नाही. 'कास्ट' वाचून भंगारवाले ते बीड समजतात. ते बीड नव्हे. मुशीत वितळवून केलेलं पोलाद म्हणजे कास्ट स्टील. शेफील्डला ही पद्धत बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात बसवली. मुशीतलं पोलाद आपल्या दक्षिणेत मात्र त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं, त्याला परदेशी लोक 'वूट्झ' म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने इंग्लंडला अभ्यासासाठी पाठवले होते.

पात्याच्या पाठीवर टोकाजवळ एक बारीकशी खुंटी असते. ती कशासाठी, याची अनेक उत्तरं दिली जातात आणि एकावरही सगळ्यांचं एकमत नाही. मी तिथे अनेकान्त मानून पुढे गेले.

सगळ्यात शेवटी कळलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. मूठ विलायती नाही. इंग्लिश करवतींची मूठ बहुधा बीचच्या फिकट लाकडाची असते. ही शिसवाची आहे, हातानं तासलेली, किंचित वाकडी. जुनी मूठ मोडल्यावर इथल्याच कुणा सुतारानं नवी करून तीच पितळी चकती तिच्यावर परत बसवली. आणि पातं टोकाकडे अगदी अरुंद झालंय. दर वेळी धार लावताना कानशीनं पातं थोडं झिजतं. एवढं झिजायला कितीतरी वर्षं धार लावावी लागते. म्हणजे कुणाचा तरी प्रपंच या करवतीवर चालला. भाच्याचा खजिना आणि जाऊबाईंचं अधिकरण, दोघांनाही हा माणूस दिसला नव्हता.

म्हणून मी दुसऱ्या टोकाशीही भांडते. आमच्या किहीमला सुट्टीपुरते उघडणारे बंगले पुष्कळ. तिथे अशा करवती वार्निश लावून भिंतीवर टांगतात. बाजूला बैलगाडीचं चाक. हीसुद्धा न ओळखणंच आहे. वस्तू शोभेची केली की ती परिग्रह झाली. मला संग्रह करायचा नाही. एक करवत पुरे.

"मग नवीच का नाही घेतलीस?" असंही विचारलं गेलं. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त करवतींच्या दात्यांची टोकं काळसर-निळसर दिसतात. ती इतकी कडक केलेली असतात की कानस वर घसरते, धार लागत नाही. बोथट झाली की फेकायची. नवं लोखंड, नवी खाण, नवी भट्टी, त्यातले जीव कुणी मोजायचे? सुतारकाकांनी माझ्या करवतीला तिकोनी कानशीनं धार लावून दिली. अजून कितीतरी वेळा लावता येईल. जी वस्तू दुरुस्त होते ती वापरणं, हा अपरिग्रहाचा घरातल्या घरात पाळता येणारा भाग आहे.

गेल्या फाल्गुनात ती पहिल्यांदा वापरली. आंब्याची एक वाळकी फांदी पत्र्यावर आली होती. आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ खाली बसून पाहिलं, कुणी येतं-जातं का. शिडी लावून ढोली पाहिल्या, मुंग्यांची रांग कुठे जाते ते पाहिलं. एका काटक्यात जुनं रिकामं घरटं होतं, तेवढं बाजूला काढलं. मग सुतारकाकांनी आणि मी आळीपाळीनं कापली. हाताच्या करवतीला वेळ लागतो. मशीनच्या वेगात न दिसणारं त्या वेळात दिसतं. मध्येच एक सरडा पळाला, आम्ही थांबलो, तो गेला, मग पुढे कापलं.

हे पाहत बसणं किहीमला नवं नाही. १९३० मध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अली आमच्याच गावात राहून सुगरण पक्ष्याची वीण दिवसच्या दिवस पाहत होते. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच राहते, आणि नर दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी नोंदवलं. आपण मात्र विणणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या 'सुगरण' म्हणत आलो. नाव ऐकून ओळख होत नाही, पाहून होते.

माझ्या घरातले नियम सांगते, पटले तर घ्या. करवत कुलपात. मागायला कोणी आलं तर आधी विचारायचं, काय कापायचंय, वाळकं की ओलं, ढोल पाहिली का. उत्तर नसेल तर करवत देत नाही, मी स्वतः पाहायला जाते. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, अडल्याशिवाय हात लावायचा नाही. जिवंत झाड तोडायचं नाही. आंबा, फणस, साग यांना तर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदाही आहे. आणि बाहेरची माणसं बोलावली तर मी देवघरात जात नाही. झाडाखाली उभी राहते.

काकू, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. पुढच्या वेळी घरी या. करवत दाखवते, आणि ती ज्या ढोलीसाठी आणली तो फणसाचा तुकडाही दाखवते. तो मी अजून जाळलेला नाही.

काही अधिक-उणं लिहिलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.